मदत हवी आहे : तांत्रिक टप्प्यावर नाकारलेल्या निविदेविरुद्ध अपील

सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेत आमचा यंत्रभागांचा छोटा कारखाना असून, एका शासकीय कार्यालयाच्या पंप दुरुस्तीच्या कामासाठी आम्ही प्रथमच राज्याच्या ई-खरेदी पोर्टलवर दोन लिफाफा पद्धतीची (पात्रतेची तांत्रिक कागदपत्रे एका आणि दर दुसऱ्या लिफाफ्यात) निविदा भरली होती. तांत्रिक लिफाफा उघडल्यावर, वार्षिक उलाढाल अपुरी असल्याची एक ओळ कन्नडमध्ये नोंदवून आम्हाला अपात्र ठरवण्यात आले. सनदी लेखापालांचे प्रमाणपत्र जोडलेले असताना असे का झाले, याचे स्पष्टीकरण अद्याप मिळालेले नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

कर्नाटक सार्वजनिक खरेदी पारदर्शकता अधिनियम, १९९९ च्या कलम १६ नुसार, कलम १३ खालील आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. परंतु कलम १३ निविदा स्वीकारण्याविषयी आहे. मग केवळ तांत्रिक टप्प्यावरील नकार हा त्या कलमाखालचा आदेश मानला जातो का, की अंतिम निर्णयाची वाट पाहावी लागते? तोपर्यंत काम दुसऱ्याला दिले गेले, तर अपिलाला अर्थ काय उरेल?

सूक्ष्म व लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदीचा २०१२ चा आदेश केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांपुरता असल्याने येथे तो आधार घेता येत नाही, हे मी जाणतो.

खानापूर, निपाणी वा चिकोडीकडील कोणी असे अपील केले असल्यास, अर्जाचा कन्नड नमुना आणि सोबत जोडलेल्या कागदपत्रांची माहिती कृपया द्यावी.