घुमटावरचा वर्ख दोन वर्षांतच सुटतोय

प्रश्न: जुन्या तांब्याच्या घुमटावर नवा सोन्याचा वर्ख चढवलाय, पण पापुद्रे निघतायत. सोनं हलकं असेल का?

उत्तर १: सोन्याला दोष देण्याआधी खालचा थर बघा. वर्ख जेमतेम ०.१ मायक्रॉन जाड. प्रायमरमध्ये टाचणीएवढं भोक राहिलं तरी पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि वर्ख उचलला जातो.

उत्तर २: चिकटवायचं तेलही तपासा. १२ तासांचं तेल (म्हणजे लावल्यावर साधारण १२ तासांनी वर्ख लावण्याजोगं होणारं) ओलं असतानाच वर्ख लावला की सोनं बुडतं, मंद दिसतं. तेल तयार झालंय का ते बघायला बोटाचं पेर टेकवून उचला, तेल न लागता हलकासा ‘टक्’ आवाज यायला हवा. वाऱ्यात सुटा वर्ख नकोच, कागदावर दाबलेला घ्या. २३ कॅरेटच्या खाली तर जाऊच नका.

उत्तर १: आणि वरून वार्निश नको. उन्हात तेच आधी सोलतं.