डायॉक्सिन आणि एंडोमेट्रिओसिस: उंदरावरचा निष्कर्ष कितपत धरायचा?

काचपट्टी: डायॉक्सिन या विषारी प्रदूषकामुळे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) बळावतो असं म्हणताना दर वेळी १९९३चा माकडिणींवरचा अभ्यास पुढे केला जातो. चार वर्षं खाण्यातून डायॉक्सिन दिलं, ते थांबवल्यावर दहा वर्षांनी पोट तपासलं. २५ पीपीटीच्या (एक लाख कोटी भागांत २५ भाग) गटात ७ पैकी ५ जणींना आजार, ५ पीपीटीत ७ पैकी ३, आणि डायॉक्सिन न दिलेल्यांतही ६ पैकी २. एक माकडीण इकडची तिकडे झाली की चित्र पालटतं! २००१मध्ये तर त्याच माकडिणींच्या रक्तात डायॉक्सिनसारखे पीसीबी (दुसरी प्रदूषक रसायनं) सापडले, आणि आजाराशी मेळ त्यांचाच बसला. उंदरांचं तर बोलायलाच नको, त्यांना पाळीच येत नाही. गर्भाशयाचा आपणच पोटात शिवलेला तुकडा वाढला म्हणून 'प्रदूषणाने आजार झाला' कसं म्हणायचं?

टाकेवाला: 'झाला' कोण म्हणतंय? प्रश्न वाढीचा आहे. उंदराच्या गर्भाशयाचं एक शिंग (दोन फाट्यांपैकी एक) काढायचं, उभं चिरायचं, २-३ मिमीचे तुकडे आतड्याच्या मेसेंटरीवर (आतडं धरून ठेवणाऱ्या पडद्यावर) रक्तवाहिन्यांजवळ टाक्याने बसवायचे. सुरुवातीची तारीख माहीत, डोस माहीत. बाईच्या बाबतीत यातलं काय कळतं? निदानालाच वर्षं जातात.

काचपट्टी: आणि शेवटी मोजता काय? व्यास. अस्तरासोबत स्नायूही शिवला जातो, टाक्याभोवती सूज येते, पुटी पाण्याने फुगते. सगळं 'वाढ' म्हणून खपतं.

टाकेवाला: ते खरं. म्हणून काप काढून अस्तराच्या ग्रंथी आणि स्ट्रोमा (ग्रंथींभोवतीची आधार-ऊती) दोन्ही दिसल्याशिवाय तुकडा धरायचा नाही. नुसता टाका घातलेला गटही हवाच.

खुराक: दोघंही खाद्य विसरताय. खाद्यात सोयाबीन म्हणजे फायटोइस्ट्रोजेन, वनस्पतींतली इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं. घासून जुने झालेले पॉलिकार्बोनेटचे पिंजरे बिस्फेनॉल ए सोडतात, तेही इस्ट्रोजेनसारखं वागतं. कंट्रोल (डायॉक्सिन न दिलेला) गट कोरा राहिलाच कुठे? हार्मोनचा फरक साधा नाही: १९९६मध्ये तीन-तीन आठवड्यांनी डायॉक्सिन दिलं तेव्हा उंदरांतले तुकडे वाढले, १९९७मध्ये अंडाशय काढून, भरपूर एस्ट्राडायोल (एक इस्ट्रोजेन हार्मोन) देऊन डायॉक्सिन सतत चालू ठेवलं तर ते खुरटले. उंदराची जातही बघा. डीबीए/२ जातीचा एएच रिसेप्टर (डायॉक्सिन ज्याला चिकटून काम करतं ते पेशीतलं प्रथिन) डायॉक्सिनला सी५७बीएल/६ जातीपेक्षा खूप कमी चिकटतो.

काचपट्टी: आणि उंदराच्या अंगातून डायॉक्सिन काही आठवड्यांत निम्मं होतं, माणसात सात-आठ वर्षं लागतात. किलोमागे मायक्रोग्रॅम जुळवून काय उपयोग? शरीरात साठलेलं प्रमाण जुळवा.

टाकेवाला: जुळवू. पण मग माणसांतला पुरावाही त्याच काट्यावर तोला. इटलीतल्या सेवेसोत १९७६च्या डायॉक्सिन-गळतीच्या अपघातानंतर ६०१ बायका तपासल्या, आजाराच्या निघाल्या १९. रक्तात १०० पीपीटीहून जास्त असलेल्यांना धोका दुप्पट दिसला, पण अंदाजाची कक्षा ०.५ ते ८, म्हणजे धोका निम्म्यापासून आठपटीपर्यंत काहीही. यावरून तुम्ही काय ठरवणार?

काचपट्टी: काहीच नाही. पण पाळी येणारे प्राणी आहेत ना. बबून माकडिणीच्या पोटात तिचंच पाळीचं अस्तर सोडतात, तिथे टाकाही नाही.

खुराक: बबून वर्षानुवर्षं पोसायचा खर्च कोण करणार, तेही सांगा.