मदत हवी आहे: दादाला दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं

नमस्कार मंडळी. मालवण तालुक्यातून लिहितेय. दादा मासळीचा टेम्पो चालवतो, बंदरावरचे बांगडे कोल्हापूरला पोचवतो. गेल्या आठवड्यात परतताना नाक्यावर पोलिसांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमची, त्याचं कितीतरी वर निघालं. रस्त्यात कोणी आडवं आलं नाही, हे आमचं नशीब.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागलंय. वकील म्हणाले, पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दोषी ठरला तर लायसन्स निदान ६ महिने बंद. पुन्हा सापडला तर १५,००० दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. काका म्हणतात, "दंड भरा नि मोकळे व्हा." पण दंड भरून दादा कसला मोकळा होतोय?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. टेम्पो दारात उभा आणि बँकेचा हप्ता मात्र चालू. त्या दोन महिन्यांत त्याची संध्याकाळची दारू सकाळवर आली. गोव्याची स्वस्त बाटली वाडीत कोणीही आणून देतं. बाबाही असेच प्यायचे, लिव्हर खराब होऊन गेले.

गेल्या श्रावणात आईने शपथ घातली आणि दादाने खरंच एका दिवसात सोडली. दुसऱ्या दिवशी हात इतके कापायला लागले की बशीतला चहा सांडायचा. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्या येताहेत म्हणून अंग झाडत बसला. मलाही ओळखेना. आई म्हणाली, "ह्येका भायरचा लागला," आणि देवाला गाऱ्हाणं घालायला निघाली. पहाटे त्याने कुठून तरी मिळवून घेतली आणि थोड्या वेळाने माणसात आला. तेव्हापासून आईच त्याला रोज थोडी आणून देते. मी तिला त्यावरून बोल लावत नाही. ती रात्र तिनेही पाहिलीय.

आता वहिनीला कोणीतरी दारू सोडवायची एक पूड दिलीय, जेवणातून नकळत घालायची. घालावी का? आणि उपचार सुरू केल्याचा कागद कोर्टात दाखवला तर उपयोग होतो का?

वेळेवाट (एक सदस्य): ताई, ती पूड आधी टाकून द्या. अशा पुडीत डायसल्फिरामसारखं दारू सोडवायचं औषध असलं आणि माणूस वरून प्यायला, तर रक्तदाब एकदम घसरून जीवावर बेतू शकतं. ते औषध डॉक्टरांनी, त्या माणसाला सांगूनच द्यायचं असतं.

मी १४ वर्षं प्यायलो, आता ९ वर्षं बंद आहे. मलाही भिंतीवर किडे दिसले होते. रोजच्या दारूला सरावलेल्या मेंदूची दारू अचानक तोडली की तो बिथरतो. भास होतात, फिट येते, माणूस दगावूही शकतो. त्यामुळे यापुढे घरच्या घरी शपथ नको. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन सोडवतात. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे. वडिलांचं लिहिलंत, तेही डॉक्टरांना सांगा. व्यसनाचा साधारण निम्मा धोका आनुवंशिक असतो. दादाचा स्वभाव वाईट म्हणून हे झालेलं नाही.

कागदाने गुन्हा पुसला जात नाही. तरी वकिलांमार्फत न्यायाधीशांपुढे ठेवा, शिक्षा किती द्यायची ते त्यांच्या हातात असतं. आणि आईंना अल-अनॉनबद्दल सांगा. तो पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट आहे.

धागाकर्ती: पूड टाकली. आईला तुमचं किड्यांचं वाचून दाखवलं, तिने दोनदा वाचायला लावलं. दादा अजून हो म्हणत नाही. तो येणारच नसेल, तर मी आणि आईने आधी जाऊन डॉक्टरांना भेटलेलं चालतं का?