बीकन थिएटरमधल्या रॉक कॉन्सर्टचे फोटो काढायला ४०० डॉलरांत कोणता कॅमेरा घेऊ?

एडिसनचा_एक्स्ट्रा
मंडळी, सल्ला हवाय. चाळिशीची भेट म्हणून बायकोने टेडेस्की ट्रक्स बँडची दोन तिकिटं काढली आहेत. न्यूयॉर्कचं बीकन थिएटर, लोज (बाल्कनीचा पुढचा भाग), तिसरी रांग, जवळजवळ मधोमध. त्यातल्या गिटारवाल्या डेरेक ट्रक्सला इतकी वर्षं मोबाईलच्या पडद्यावरच बघत आलोय.

मला एकच फोटो हवाय. त्याच्या डाव्या अनामिकेत काचेची नळी (स्लाइड) असते, ती गिटारच्या तारेवरून सरकताना हात कसा दिसतो, तेवढा. स्टेज, गर्दी, सेल्फी काही नको. तिकिटाबरोबर आलेल्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय की लेन्स काढता-लावता येते असा कॅमेरा आत चालणार नाही आणि फ्लॅश नाही. माझा मोबाईल चार वर्षांचा आहे, त्यातून मुलीच्या स्नेहसंमेलनात सगळी मुलं मेणबत्त्यांसारखी आली होती.

बजेट ४०० डॉलर. वापरलेला चालेल. "थोडं वाढवलंत तर" असं कृपया कोणी लिहू नका.

एफ_दोन_पॉइंट_आठ
थोडं वाढवलंत तर सोनी ए-सेव्हन फोर आणि ७०-२०० एफ २.८ लेन्स घ्या. आयुष्यभराचं काम होईल. माझ्याकडे तीन वर्षं आहे, एकदाही पस्तावलो नाही. अंधारात या जोडीला तोड नाही.

एडिसनचा_एक्स्ट्रा
साहेब, लेन्स निघते त्याची.

एफ_दोन_पॉइंट_आठ
गेटवर कोण बघतंय? जॅकेटच्या आत गळ्यात घालून जायचं.

मुलुंड_ते_मॅनहॅटन
गेटवर बघतात. नीट बघतात. मी न्यूयॉर्कच्याच एका थिएटरात (नाव घेत नाही) छोटा मिररलेस (लेन्स निघणारा कॅमेरा) घेऊन गेलो होतो. मेटल डिटेक्टर ओरडला, गडी म्हणाला गाडीत ठेवून या. गाडी जर्सीत! क्लोकरूमही नव्हती. शेवटी कोपऱ्यावरच्या फळवाल्या देसी काकांकडे कॅमेरा ठेवला आणि आत जाऊन दोन तास गाण्याऐवजी त्या काकांचा विचार केला. कॅमेरा परत मिळाला, वर दोन केळी. पण पुन्हा नाही बाबा.

गोट्या_अठ्ठ्याहत्तर
बीकनला पूर्वी ऑलमन ब्रदर्स बँडवाले वाजवायचे ना? तिथलंच का हे?

बाल्कनीतला_बापट
तेच. ७४व्या रस्त्यावर, ब्रॉडवेवर. १९२९ साली सिनेमाचा महाल म्हणून बांधलं, रॉक आलं सत्तरच्या दशकात. ऑलमन ब्रदर्स १९८९ पासून २०१४ पर्यंत तिथे दोनशेहून जास्त वेळा वाजले. शेवटचा कार्यक्रम २८ ऑक्टोबर २०१४ला सुरू झाला आणि मध्यरात्र उलटून गेली. २९ ऑक्टोबर म्हणजे बँडचा संस्थापक गिटारवाला डुएन ऑलमनची पुण्यतिथी, तो १९७१ला गेला. डेरेक त्या बँडमध्ये १९९९ला आला, ड्रमर बुच ट्रक्सचा पुतण्या. म्हणजे हे घर त्याचंच आहे म्हणा ना.

फोटोसाठी सांगतो. स्टेजच्या दोन्ही अंगांना तीस फूट उंचीच्या ग्रीक देवींचे सोनेरी पुतळे आहेत. त्यांचे फोटो कार्यक्रमाआधी हॉलमधले दिवे चालू असतानाच घ्या. अर्धा तास आधी पोहोचा, मान वर करा. ऐंशीच्या दशकात याचा डिस्को करायला निघाले होते, आतल्या सजावटीला १९७९ पासून वारसा-संरक्षण होतं म्हणून कोर्टाने अडवलं. नाहीतर तिथे आज आरसे लावलेला गोळा फिरत असता.

एफ_दोन_पॉइंट_आठ
पुतळ्यांचा प्रश्न विचारलेलाच नाही.

शटरबाई
प्रश्नाचं उत्तर देते. सोनी आरएक्स-१०० मार्क ३, वापरलेला. एक इंची सेन्सर, लेन्स २४ ते ७० एमएम, एफ १.८ ते २.८ (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). खिशात मावतो, लेन्स निघत नाही, तुमच्या बजेटच्या आसपास मिळतो. मी याच कॅमेऱ्याने कॉन्सर्ट काढते.

सेटिंग लिहून ठेवा. रॉ (कच्ची फाइल). एम मोड (सगळं हाताने). एफ २.८, शटर १/१६०, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० पासून सुरू करून बघा. मीटरिंग (उजेडाचं माप) स्पॉटवर, नाहीतर मागचा काळोख बघून मीटर जास्त उजेड मागतो आणि चेहरे जळतात. आणि फोकसला मदत करणारा तो नारिंगी दिवा आठवणीने बंद करा. तो समोरच्याच्या टकलावर पडला की भांडण ठरलेलं.

मुलुंड_ते_मॅनहॅटन
+१ आरएक्स-१००. आणि तो दिवा बंद करा.

ऑटोमोड_जिंदाबाद
एम मोड वगैरे काही लागत नाही. मी ऑटोवर ठेवतो आणि एक्सपोजर उणे एक करतो. गाणं ऐकायचं की चाकं फिरवत बसायचं?

शटरबाई
ऑटोवर कॅमेरा शटर १/३० ला नेतो. मग गिटारवाल्याला सहा हात येतात.

ऑटोमोड_जिंदाबाद
डेरेक ट्रक्स हलतो कुठे? अख्ख्या कार्यक्रमात चार पावलं टाकत असेल. देवघरात उभा असल्यासारखा उभा असतो.

बाल्कनीतला_बापट
हे मात्र खरं. डोळे मिटलेले, वेणी मागे, लाल एसजी गिटार. त्याच्यासाठी १/१२५ पण पुरेल. पण मधे दोन ड्रमर आहेत, त्यांना नाही पुरणार.

कट्ट्यावरचा_काका
आमच्या वेळी धोबीतलावच्या रंगभवनला 'इंडिपेंडन्स रॉक'ला जायचो. उघडं थिएटर, दगडी पायऱ्या, शेजारी झेवियर्स. ना कॅमेरा अडवायचे ना पावसाला. मी झेनिट घेऊन जायचो, ४०० आयएसओचा रोल अंधारासाठी १६०० ला पुश करायचा. एका वर्षी अगदी पुढे जागा मिळाली. छत्तीस फोटो काढले, सदतीसावा, अडतीसावा... रोल संपेचना. तेव्हा पोटात खड्डा पडला. फिल्मची जीभ स्पूलमध्ये अडकलीच नव्हती. रिवाइंडचं बटण फिरतंय का, एवढं एकदा बघितलं असतं तर कळलं असतं. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, बरं झालं, धुलाईचे पैसे वाचले.

गोट्या_अठ्ठ्याहत्तर
काका, रंगभवन! आता काय आहे तिथे?

कट्ट्यावरचा_काका
आसपास हॉस्पिटलं. शांतता क्षेत्र झालं नि गिटारं गेली. जाऊ दे, बीपी वाढतं.

नाट्यवेडी_डोंबिवली
मला एक कळत नाही. आपण बालगंधर्वला किंवा शिवाजी मंदिरला कोणाचा मोबाईल चमकला तर अख्खं थिएटर मागे वळून बघतं. मग रॉकला हे सगळं चालतं कसं? मागच्या माणसाने तुमचा चमकणारा पडदा का बघायचा? दोन हात मोकळे ठेवा आणि ऐका.

एडिसनचा_एक्स्ट्रा
ताई, मुद्दा मान्य आहे. म्हणूनच मोबाईल वर धरायचा नाहीये. डोळ्याला लावायचं भिंग असलेला कॅमेरा बघतोय, म्हणजे मागचा पडदा बंद ठेवता येईल.

शटरबाई
मार्क ३ ला ते आहे, वरून बाहेर येतं. मार्क १ आणि २ ला नाही. घेताना आकडा नीट बघा.

सरोदप्रेमी
धागा भरकटतोय म्हणून मीही थोडा भरकटवतो. डेरेकचा स्लाइड ऐकताना तुम्हाला मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, ऐकू येते का? उगाच नाही येत. उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचं सॅन राफेलला जे कॉलेज आहे, तिथे तो शिकायला गेला होता. सरोदला पडदे नसतात, पोलादी पट्टीवरून बोट घसरतं. गिटारवर काचेची नळी ठेवली की गिटारचे पडदेही नावापुरतेच उरतात. त्यात तो पिक वापरत नाही, उजव्या हाताची नुसती बोटं. म्हणून म्हणतो, डाव्या हाताचा फोटो घ्याच, पण उजवा कापू नका. अर्धी गंमत तिकडे आहे.

एफ_दोन_पॉइंट_आठ
हे सगळं ७०-२०० मधून फार सुंदर दिसेल.

एडिसनचा_एक्स्ट्रा
सरोदप्रेमी, वा! हे कॉलेजचं ठाऊक नव्हतं.

सगळ्यांचं वाचून काल रात्री हिशोब मांडला. नकाशावरून माझ्या खुर्चीपासून स्टेज साधारण २५ मीटर धरलं. ७० एमएमला तिथली चौकट जवळपास १३ मीटर रुंद येते. म्हणजे बारा जणांचा अख्खा बँड, वर देवीचं कोपर. हात कुठे शोधू? २५० एमएम असेल तर चौकट साडेतीन मीटर. मग पॅनासोनिकचा झेडएस-१०० बघितला. तोही एक इंची, २५ ते २५०, भिंगही आहे. वापरलेला बजेटच्या आत बसतोय.

शटरबाई
नको! त्याची लेन्स लांब टोकाला एफ ५.९ होते. २.८ पेक्षा दोन स्टॉपहून जास्त अंधार (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). जिथे मी १६०० वर काढते तिथे तुम्ही ६४०० च्याही पुढे. एक इंची सेन्सरला ६४०० म्हणजे रवा भाजायला घेतल्यासारखं दिसतं.

मुलुंड_ते_मॅनहॅटन
+१. झेडएस नको.

ऑटोमोड_जिंदाबाद
नको. त्यापेक्षा नवा मोबाईल घ्या. बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, मग बोट खाली ओढायचं, मेणबत्त्या विझतात. सध्याच्या मोबाईलवर पण होईल हे.

एफ_दोन_पॉइंट_आठ
एफ ५.९? त्यापेक्षा चित्र काढा पेन्सिलने.

बाल्कनीतला_बापट
मीही नको म्हणेन. आणखी एक: आवाज नको म्हणून कॅमेरा सायलेंटवर टाकाल, तर इलेक्ट्रॉनिक शटर लागतं आणि एलईडी दिव्यांत फोटोवर आडवे पट्टे येतात, जुन्या टीव्हीसारखे. मेकॅनिकल शटरच ठेवा. त्या आवाजात तुमची क्लिक कोणाला ऐकू जाणार आहे? उलट कानाला इअरप्लग न्या, मी एकदा नेले नव्हते तर दोन दिवस कानात कुकर वाजत होता.

मृणालची_आई
फोटोचं माहीत नाही पण परतीच्या गाडीचं बघितलंत का? आम्ही अकराला बाहेर पडलो, ७२व्या रस्त्यावरून सबवेची एक नंबरची लोकल पकडली, दोन-तीन नंबरची एक्स्प्रेस समोरून निघून गेली, आणि पेन स्टेशनला आमची न्यू जर्सीतल्या एडिसनची गाडी डोळ्यांदेखत सुटली. पुढची येईपर्यंत तासभर थंड समोसा खात बसलो. वेळापत्रक आधी बघा. आणि ७२व्या रस्त्याच्या स्टेशनसमोर ग्रेज पपाया आहे, तिथे हॉटडॉग चांगला मिळतो, आधीच खाऊन घ्या.

गोट्या_अठ्ठ्याहत्तर
व्हेज मिळतं का तिथे?

एडिसनचा_एक्स्ट्रा
मंडळी, जाऊन आलो. झेडएस-१००च घेतला. ३४० डॉलर. माफ करा.

सेटिंग शटरबाईंचंच, फक्त एफ ५.९, शटर १/१२५ आणि आयएसओ ६४००. नारिंगी दिवा बंद, मागचा पडदा बंद, मेकॅनिकल शटर. गेटवर गड्याने कॅमेरा हातात घेऊन लेन्स फिरवून बघितली, निघत नाही म्हटल्यावर जाऊ दिलं. पहिल्या भागात १८० फोटो काढले, सगळे हललेले. कारण मी हलत होतो, डेरेक नाही. मध्यंतरात बायको म्हणाली, कठड्यावर कोपरं टेकव. आमच्या पुढे दोन रांगा, कठडा कुठला? मग पुढच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर टेकवली. दुसऱ्या भागात लाल-निळ्या दिव्यांत सगळं चिखल आलं, पण एका संथ गाण्याला पांढरा दिवा पडला. तेवढ्यात अकरा फोटो मिळाले. त्यातला एक जोडतोय. काळा-पांढरा केलाय, रवा आहेच. अनामिकेवरच्या काचेत दिव्याची एक रेघ दिसते, आणि उजव्या हाताचा अंगठा तारेवरून नुकताच सुटलाय.

सरोदप्रेमी, उजवा कापला नाही.

सरोदप्रेमी
मोठा करून बघितला. करंगळी वर उचललेली आहे बघा. धन्यवाद.

शटरबाई
रवा आहे. एफ २.८ला नसता आला.

एडिसनचा_एक्स्ट्रा
एफ २.८ला हात नसता आला.

शटरबाई
पुढे सरकून क्रॉप केला असता.

एफ_दोन_पॉइंट_आठ
७०-२००.

कट्ट्यावरचा_काका
छान आलाय. बायकोचं नाव लिही फोटोखाली, कोपरं तिने सांगितली.

मृणालची_आई
गाडी मिळाली का?

एडिसनचा_एक्स्ट्रा
नाही. समोसा खाल्ला.

गोट्या_अठ्ठ्याहत्तर
कॅमेरा विकणार असाल तर कळवा. माझं बजेट १५० आहे.