नंतरची भरपाई आणि आधीची बंदी

एकदा नाव खराब झालं की पैशाने परत येत नाही म्हणून छापायच्या आधीच रोखलं पाहिजे, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. आधी रोखायचं म्हणजे मजकूर खोटा आहे हे सिद्ध व्हायच्या आधीच शिक्षा, आणि लेखात काय होतं ते वाचणाऱ्याला कधी कळतच नाही.

१९९४ चं राजगोपाल प्रकरण बघा. तमिळ साप्ताहिक नक्कीरन ऑटो शंकर या फाशीच्या कैद्याचं आत्मचरित्र छापणार होतं, त्यात अधिकाऱ्यांशी त्याचे संबंध होते, तुरुंग खात्याने अडवायला बघितलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, सरकारला किंवा अधिकाऱ्यांना बदनामी होईल म्हणून आधी बंदी घालता येणार नाही, छापून आल्यावर काय तो दावा करा. आणि कामाबद्दलचं लिखाण असेल तर ते खोटं आहे आणि खरंखोटं न तपासता बेपर्वाईने लिहिलंय हेही अधिकाऱ्यानेच दाखवायचं.

तरी खालची कोर्टं अजून एकतर्फी, म्हणजे दुसऱ्या बाजूचं न ऐकता, मनाई देतातच. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेचा झी या टीव्ही कंपनीवरचा लेख मार्च २०२४ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने काढायला लावला, हायकोर्टाने तेच कायम ठेवलं, शेवटी सुप्रीम कोर्टाने आदेश रद्द केला. ब्लूमबर्गकडे वकील होते, तालुक्याच्या पत्रकाराने दिल्ली कशी गाठायची?

भरपाईचा दावाही छळायला वापरतात हे खरंय, पण तिथे निदान पुरावा तपासला जातो आणि तोवर लेख लोकांसमोर राहतो. माझा खरा राग फौजदारी बदनामीवर, म्हणजे बदनामीला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदीवर आहे, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली आणि नवीन न्याय संहितेतही ती कलम ३५६ म्हणून आहेच.