तीन रांगांची मिनीव्हॅन: टेस्ट ड्राइव्हच्या अर्ध्या तासात काय काय तपासायचं?

सहा_जण:
घरात सत्तरीतले दोघं, आम्ही दोघं, आणि ३ व ८ वर्षांची मुलं. सरकत्या दाराची मिनीव्हॅन घ्यायचं जवळजवळ ठरलंय. टेस्ट ड्राइव्हला जेमतेम अर्धा तास मिळेल. तेवढ्यात आराम, इंजिनची ताकद आणि रोजची सोय कशी जोखायची? मधल्या रांगेत बेंच (सलग बाक) बरा की कॅप्टन सीट (मधे वाट सोडून दोन सुट्या सीट)?

मागची_रांग:
निम्मा वेळ गाडी उभी असतानाच घालवा. घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या बेताने चालकाची सीट लावा, मग तिच्यामागची मधली, आणि उरलेल्या जागेत तिसऱ्या रांगेत बसून बघा. तिथे बसल्यावर मांडीखाली हात घाला. तळहात सहज आत गेला तर मांडीला आधार नाही. खालची फरशी उंच आणि सीट ठेंगणी असली की गुडघे वर येतात, सगळा भार माकडहाडावर पडतो आणि तासाभरात कंबर धरते. पावलं मधल्या सीटखाली शिरतात का, हेही बघा. तिसरी रांग मागच्या चाकांच्या जवळपास वर असते, म्हणून खड्डा तिथेच जास्त बसतो. थोडा वेळ चालत्या गाडीत मागे बसाच.

भरलेली_गाडी:
एकट्याने चालवून काहीच कळत नाही. मागच्या स्प्रिंग भरल्या गाडीच्या हिशोबाने कडक असतात, त्यामुळे रिकामी गाडी उडते आणि भरली की शांत होते. इंजिनचं उलटं: रिकामं असताना चपळ, भरल्यावर धापा टाकणारं. निदान पाच-सहा माणसं घ्या, एसी पूर्ण लावा आणि चढावर ३०-४० च्या वेगावरून अॅक्सिलरेटर दाबा. ऑटोमॅटिक गिअर सारखा वर-खाली करत बसला, तर कमी आरपीएमला (इंजिन हळू फिरत असताना) टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, पुरत नाही असं समजा.

कागदावर एक वजाबाकी करा. गाडीचं कमाल परवानगीचं वजन वजा कर्ब वेट (रिकाम्या गाडीचं वजन), म्हणजे माणसं आणि सामान मिळून किती किलो चालेल ते. सात माणसं सरासरी ६५ किलोची धरली तर ४५५. मर्यादा ५०० असेल तर सामानाला उरले ४५ किलो, म्हणजे दोन मोठ्या बॅगा. काही देशांत कर्ब वेटमध्ये चालकाचे ७५ किलो आधीच धरतात, ते विचारून घ्या. टायरची हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, 'पूर्ण भार' या रकान्यातली भरा. हवा कमी राहिली की टायरची बाजू जास्त दबते आणि तापते.

दार_आणि_सीट:
तुमच्या घरासाठी माझं मत कॅप्टन सीट. कारण साधं आहे: आयसोफिक्सवर (चाइल्ड सीट अडकवायच्या गाडीतल्या कड्यांवर) चाइल्ड सीट बसवली की ती मधली सीट बहुतेक गाड्यांत दुमडता येत नाही आणि बेंच असेल तर तिसऱ्या रांगेची एक वाट बंद होते. मधून जायची वाट असली की सुटका. एक आजी/आजोबा पुढे, दुसरे मधे धाकट्याशेजारी, थोरला बूस्टरवर (मुलाला उंच बसवणाऱ्या सीटवर) तिसऱ्या रांगेत, जवळ एक मोठं माणूस. चाइल्ड सीट सोबत नेऊन प्रत्यक्ष बसवा. तिसऱ्या रांगेला तीन-बिंदू बेल्ट, हेडरेस्ट आणि कर्टन एअरबॅग (खिडकीवरून खाली उघडणारी) आहेत ना, ते खात्रीने बघा. यावर तडजोड नको.

सरकतं दार उतारावर, नाक खाली असताना उघडून बघा. अडकण नीट बसत नसेल तर दार आपोआप पुढे येतं आणि बोटं सापडतात. विजेवर चालणारं दार असेल तर कापडाची घडी मधे धरून ते मागे फिरतं का, तपासा.

सहा_जण:
तिसरी रांग उभी असताना डिकीत किती मावतं, हे आकड्यावरून कळेल?

दार_आणि_सीट:
लिटरचा आकडा कधी छतापर्यंत मोजलेला असतो, कधी सीट पाडून. मोजपट्टी न्या, तिसऱ्या सीटच्या पाठीपासून बंद दारापर्यंतचं अंतर तळाशी घ्या. ४० सेंमीपेक्षा कमी असेल तर दुमडलेली प्रॅम आडवीच ठेवावी लागेल. आणि स्टेपनी कुठे आहे तेही विचारा. डिकीच्या फरशीखाली, आतून काढायची असेल तर पंक्चर झाल्यावर आधी सगळं सामान रस्त्यावर काढावं लागतं.