कॉपरबँड बटरफ्लाय मासा घेऊ का? एप्टेशियाने वैताग आणलाय

खारंपाणी_पुणे:
नमस्कार मंडळी, माझा ४०० लिटरचा मरीन टँक आहे, वर्ष होऊन गेलं, क्लाउनफिशची जोडी, झोआ (बटणासारखे छोटे मऊ कोरल) आणि थोडे लेदर कोरल आहेत, सगळं नीट चाललं होतं पण आता दगडांवर जिकडेतिकडे एप्टेशिया (डंख मारणारे, झपाट्याने पसरणारे छोटे सी अ‍ॅनिमोन). दुकानदार म्हणतो कॉपरबँड टाका, साफ करेल. त्याच्याकडे मेलन बटरफ्लाय पण आहे, निम्म्या किमतीत, आणि इतका देखणा की नजर हटत नाही. दोन्ही घेऊ का?

लाटवाला:
मेलन अजिबात नको दादा. कोरलचे पॉलिप हेच त्याचं जेवण, समुद्रात दिवसभर तेच टिपत फिरतो. टँकमध्ये मायसिस (फ्रोझन मिळणारी बारीक कोळंबी) टाकलं तरी बहुतेक वेळा बघतसुद्धा नाही, मग पोट आत जातं, पाठ धारदार दिसायला लागते आणि उपाशी मरतो. मेयर, ऑर्नेट, शेव्हरॉन हे बटरफ्लाय पण त्यातलेच. आणि जिवंत कोरल खायला घालू म्हणाल तर आपल्याकडे सगळे दगडी कोरल वन्यजीव कायद्यात शेड्यूल १ मध्ये, म्हणजे संरक्षित आहेत. लक्षद्वीपला स्नॉर्कलिंग करताना हे मासे जोडीने फिरताना दिसतात, तिथेच बघा, खूप सुंदर दिसतात.

किनारा_रत्नागिरी:
कॉपरबँडचं गणित वेगळं, त्याची लांब चोच फटीतले किडे ओढून काढायला असते म्हणून त्याला शिकवता येतं. पण दुकानात तुमच्यासमोर खाल्ल्याशिवाय पैसे देऊ नका, आज नाही खाल्लं तर दोन दिवसांनी परत जा. डोळ्यांच्या वरचा भाग भरलेला हवा, चोचीला जखम नको. घरी आणल्यावर बाजारातल्या तिसऱ्या उघडून अर्ध्या शिंपल्यासकट ठेवा, ज्याने मायसिसला तोंड लावलं नाही तोही बऱ्याचदा तिसरी टोचायला लागतो. तिसऱ्या आधी फ्रीझरमध्ये ठेवून मग द्या. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, आणि निदान महिनाभर वेगळ्या टँकमध्ये, कारण पांढरे ठिपके आले तर कॉपरचं औषध मेन टँकमध्ये घालता येत नाही, झोआ जातील. हा मासा कॉपरला नाजूक आहे, टेस्ट किट हाताशी ठेवून हळूहळू डोस वाढवा.

रीफप्रेमी_ठाणे:
मला तर वाटतं फक्त एप्टेशियासाठी मासा आणूच नये. काही कॉपरबँड त्याला शिवत पण नाहीत, आणि हा २० सेंटीमीटरपर्यंत वाढतो, मग तो तुमच्याकडे वर्षानुवर्षं राहणार, त्याला सांभाळायची खरंच इच्छा असेल तरच घ्या. आधी पेपरमिंट झिंगे सोडून बघा. पण नीट बघून घ्या, पाठीला कुबड आणि अंगावर पांढऱ्या रेघा असतील तर तो कॅमल झिंगा, तो झोआच कुरतडेल. मोठे एप्टेशिया असतील तर पंप बंद करून सिरिंजने कल्कची (कॅल्शियम हायड्रॉक्साइडची) पेस्ट थेट त्यांच्या तोंडावर सोडा. चिमट्याने ओढू नका हं, जरासा तुकडा राहिला की तिथून नवीन उगवतो.

खारंपाणी_पुणे:
मनापासून आभार सगळ्यांचे, मेलन रद्द. आधी झिंगे आणि कल्क. पुढेमागे कॉपरबँड घेतलाच तर माझे फेदर डस्टर (पिसांसारखा तुरा असलेले नळीतले किडे) राहतील का?

किनारा_रत्नागिरी:
नाही राहणार, ते त्याचं आवडतं खाणं आहे. मासा येण्याआधी कुणाला तरी देऊन टाका.